माप

अमान्सिओच्या कॉम्प्युटरवर मजकूर आधीच तयार होता,
काळ्या चौकटीत:
‘प्रेमळ माता आणि आजी.’
नाव तेवढं बदलायचं.
बेकरीच्या दारावर, बसथांब्यावर, बारच्या काचेवर
उद्या सकाळी चिकटेल.
‘अजून काही घालायचं?’ त्यानं विचारलं.
प्रिंटर गरम होईपर्यंत
मी खिडकीतून खाडीकडे पाहत राहिलो.
पाणी उतरायला लागलं होतं.

नाव ओब्दुलिया.
खाली टोपणनावही घाल, म्हटलं, नाहीतर
कोण गेलं ते गावाला कळायचं नाही.
कारिसा: कुंपणात राहणारं मूठभर पाखरू,
अंगापेक्षा आवाज मोठा.

वय एक्याऐंशी.
त्यातली बेचाळीस वर्षं कमरेत वाकून.

लग्नातलं घड्याळ तिनं कपाटात ठेवून दिलं होतं.
ती जगली फ्रिजवरच्या तक्त्यावर,
भरती अमुक वाजता, ओहोटी तमुक.
पहाटे साडेचारला ओहोटी, तर आमची सकाळ साडेचारला.
दुपारची असली, की शाळेतून आल्यावर
टेबलावर झाकलेलं सूप,
आणि झाकणावर दगड, मांजरासाठी.
रबरी बूट, दाताळं, बादली.
रोज ओहोटी तिची ओटी भरायची
तिसऱ्यांनी, गाळानं,
गुडघ्यांच्या ठणक्यानं.

आई स्वित्झर्लंडला गेली तेव्हा मी चार वर्षांचा.
बाझलच्या एका हॉटेलात चादरी बदलायची.
रविवारी फोन यायचा. आजी उभ्यानंच बोलायची,
जणू बसलं तर पैसे जास्त पडतील.
मायेचं अक्षर नाही.
‘तिसऱ्या नऊ युरोनं गेल्या.’
‘या आठवड्यात अकरा.’
पलीकडे शांतता, मग नाक ओढल्याचा आवाज.
मला वाटायचं, भाव ऐकून रडतं का कुणी?
एकदा ती म्हणाली, ‘पंधरा.’
लिलावात मी स्वतः ऐकलं होतं, सात.
दुरुस्त करायला तोंड उघडलं,
तर चिखलाच्या वासाचा तळवा
ओठांवर येऊन बसला.

कठोर होती, हेही लिहायला हवं.
मामानं होडी विकली, पैसे प्यायला,
तेव्हा तेरा महिने दार लावून घेतलं तिनं.
चौदाव्या महिन्यात त्याचं ताट मांडलं.
कुणी काही बोललं नाही.
त्यानं दोनदा वाढून घेतलं.

आणि ते माप.
एप्रनच्या खिशात, पितळी, कडा झिजलेल्या.
जो शिंपला त्यातून आरपार जातो
तो लहान, तो पाण्यात परत,
निरीक्षक घरी जेवायला गेलेला असला तरी.
रात्री माझी चार बोटं जुळवून
ती त्यात घालून बघायची. आरपार.
‘कच्चा आहे अजून,
परत टाकायला हवा,’ म्हणायची,
आणि मला अंथरुणात टाकून
पांघरूण चढवत न्यायची
पाय, पोट, गळा,
जसं पाणी चढतं खडकावर, घाई न करता.

‘मग?’ अमान्सिओ म्हणाला. ‘अजून सहा शब्द बसतील, दर तोच.’
राहू दे, म्हटलं, आहे तसंच.
फक्त वेळ बदल. पाच नको, साडेसहा.
‘का?’
पाचला ओहोटी आहे. बायका यायच्या नाहीत.

त्या आल्या, एकवीस जणी, बुटांसकट.
चर्चच्या फरशीवर ओल्या पावलांची रांग.
पाद्रीबाबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.
माझा हात खिशात होता.
बोटं दुसऱ्या पेराशी अडकली.
आई पहिल्या बाकावर, हॉटेलच्या काळ्या कोटात,
तीन दिवसांत एक शब्द बोलली नव्हती.
मध्येच मागे वळली,
आणि पेटीपेक्षा हळू आवाजात
एकीला विचारलं,
‘आज काय भावानं गेल्या?’

त्या बाईनं आधी आईकडे पाहिलं,
मग पुढे, फुलांकडे.
‘पंधरा,’ म्हणाली.